सायकल सुधारायची, तर जमिनीपासून

दिवाळीचा बोनस हातात पडलेला असतो, पाऊस सरलेला असतो आणि डोंगरातल्या वाटा वाळू लागलेल्या असतात. नेमक्या या दिवसांत माउंटन बाइकवाल्यांना बदलाचे वेध लागतात. पुढे नवा शॉकअप घालावा का? मागे मोठं कॅसेट बसवावं का? पुढच्या तीन चेनरिंग काढून एकच ठेवावी का? हा उत्साह मला मनापासून आवडतो, कारण ज्याला सायकलीत काही बदलावंसं वाटतं तो ती चालवत राहतो. पण पैसे बहुतेक जण उलट्या टोकाने खर्च करतात, आणि मग चार महिन्यांनी सायकल गॅलरीत उभी राहते. म्हणून हे सांगणं.

खर्च जमिनीपासून वर न्या. आधी टायर, मग ब्रेक, मग हात, पाय आणि बैठक जिथे टेकते ते भाग. गिअर त्यानंतर. शॉकअप सर्वांत शेवटी, आणि तोही सायकल त्या तोलाची असेल तरच. ज्यांच्याकडे पंधरा ते चाळीस हजारांची, मागे शॉकअप नसलेली साधी माउंटन बाइक आहे आणि जे ती लोणावळ्याहून राजमाचीच्या कच्च्या वाटेवर, नाशिकच्या डोंगरांत किंवा आपल्या गावामागच्या टेकडीवर नेतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कारण अशा सायकलीच आपल्याकडे सर्वाधिक आहेत.

पहिलं काम फुकटात होतं. टायरमधली हवा मोजा. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरली की तो टायर दगडासारखा टणक करून देतो, आणि डांबरी रस्त्यावर ते बरंही वाटतं. मुरमाच्या उतारावर मात्र तोच टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, वळणावर मागचं चाक सटकतं, आणि चालवणाऱ्याला वाटतं की आपला शॉकअप कामाचा नाही. सत्तरएक किलो वजनाच्या माणसाने सव्वादोन इंची टायरमध्ये, आत ट्यूब असताना, ३० पीएसआयच्या आसपास सुरुवात करावी. पुढे दोन-तीन कमी, मागे दोन-तीन जास्त. टायर बारीक असेल किंवा वजन जास्त असेल तर थोडी वाढवावी. हवा फारच कमी झाली तर दगडाच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी जोडभोकं दिसली की तो काटा नव्हता हे ओळखा आणि तीन-चार पीएसआय वाढवा. मीटर असलेला पायपंप घरात असायलाच हवा. सायकलीसाठी घेण्याच्या वस्तूंत मी त्याचा नंबर पहिला लावतो.

त्यानंतर टायर. कंपनीने किंमत खाली ठेवण्यासाठी जिथे हात आखडता घेतलेला असतो, त्यात टायर हमखास असतात. रबर कडक, खाचा उथळ, कडा पातळ. चांगल्या टायरची जोडी घातली की तीच सायकल ओल्या कातळावर आणि सुट्या मुरमावर वेगळी वागते. बजेट एकाच टायरचं असेल तर नवा टायर पुढे घाला आणि जुना मागे राहू द्या. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर माणूस थेट खाली येतो.

टायर घेताना त्याच्या कडेवरचा छोटा आकडा वाचा. २६, २७.५, २९ हे इंचांचे आकडे बोलण्यापुरते ठीक आहेत, पण खरं माप मिलीमीटरमध्ये छापलेलं असतं: २६ इंची माउंटन टायरवर ५५९, साडेसत्तावीसवर ५८४, एकोणतीसवर ६२२. हा आकडा जुळला नाही तर टायर बसत नाही, दुकानदार कितीही म्हणाला तरी. रुंदी किती चालेल हे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात आणि मागच्या फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना किती जागा उरते त्यावर ठरतं. पावसाळ्यात चालवणार असाल तर चिखलासाठी आणखी थोडी जागा सोडा. आपली काळी माती टायरला चिकटून फ्रेममध्ये घट्ट बसली की चाक फिरायचंच थांबतं.

काट्यांचा प्रश्न महाराष्ट्रात वेगळा आहे. देशावर बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटे. सराटा कसाही पडला तरी एक टोक वर असतंच, आणि एका शेतबांधावरून दोन्ही चाकांत पाच-सहा काटे घेऊन माणूस बाहेर येतो. इथे ट्यूबलेसचा खरा उपयोग आहे. आतलं सीलंट लहान भोकं चालता चालता बुजवतं, आणि ट्यूब चिमटण्याची भीती नसल्यामुळे हवाही आणखी कमी ठेवता येते. पण त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेली हवीत. साध्या रिमवर टेप गुंडाळून जुगाड करणारे बरेच भेटतील. उतारावर वळणात टायर रिमवरून सुटला तर काय होईल याचा विचार करून नकार द्या. शिवाय सीलंट काही महिन्यांत सुकतं आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात लवकर सुकतं, तेव्हा उन्हाळा संपताना ते पाहून पुन्हा भरावं लागतं. रिम साधी असेल तर ट्यूबमध्येच सीलंट भरा. मोटरसायकलसारखा जाड वॉल्व्ह असेल तर त्याची आतली पिन काढून ते सहज भरता येतं. आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट हळू फिरवून काटा सापडेपर्यंत नवी ट्यूब घालू नका.

आता ब्रेक. या खेळाचा जन्मच ब्रेकच्या अडचणीतून झाला म्हटलं तरी चालेल. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरच्या कच्च्या वाटेने खाली सुटायची. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि दर खेपेनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. इंग्रजीत त्याला ‘रीपॅक’ म्हणायचे, म्हणून त्या वाटेचं नावही रीपॅक पडलं. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ची. त्या मंडळींनी जुन्या सायकलींना पुढे ड्रम ब्रेक आणि मोटरसायकलचे लिव्हर लावले, गिअर बसवले, आणि १९७७ मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी स्वतःची फ्रेम बनवली. जिथून हे सगळं सुरू झालं तिथेही थांबण्याची सोय आधी पाहावी लागली.

तुमच्या सायकलीला केबलवर चालणारे डिस्क ब्रेक असतील आणि ते नीट धरत नसतील, तर लगेच हायड्रॉलिक घेऊ नका. आधी पॅड काढून बघा. डिस्कजवळ कुणी तेलाचा स्प्रे मारलाय का, हा प्रश्न मी ब्रेकची तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, आणि उत्तर वारंवार ‘हो’ येतं. चेनवर मारलेला स्प्रे उडून डिस्कवर बसतो, पॅड ते पिऊन टाकतात, आणि मग ब्रेक दाबला की फक्त किंचाळतो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेल प्यालेले पॅड घासून वाचवत बसण्यापेक्षा नवी जोडी घाला. ती काही शे रुपयांत येते. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक लावायचा, चाक लॉक न करता, असं पंधरा-वीस वेळा करा. तेव्हा कुठे पॅड डिस्कला बसतात. सोबत आतली तार आणि बाहेरचं कव्हर बदला. एवढ्यात निम्म्या लोकांची तक्रार मिटते.

त्यानंतरही ब्रेक बदलायचाच असेल, तर साधा हायड्रॉलिक संच हा या लेखातला सर्वांत मोलाचा मोठा खर्च आहे. घाटातल्या लांब उतारावर दोन बोटांनी सायकल रोखता येते, मनगटं भरून येत नाहीत, आणि हात ताजे राहिले की वाट दिसते. घेण्याआधी मात्र काही गोष्टी तपासा. व्ही-ब्रेकवाल्या फ्रेमला डिस्क ब्रेकच्या खोबणी नसतील तर डिस्क बसणारच नाही. आपल्या हाताला मोटरसायकल आणि स्कूटरमुळे पुढचा ब्रेक उजवीकडे असण्याची सवय आहे, तर बाहेरून येणाऱ्या बऱ्याच संचांत तो डावीकडे असतो. मागवताना हे विचारा, नाहीतर ऐन उतारावर नको तो ब्रेक दाबला जाईल. डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाची सूचना कोरलेली असेल तर धातूमिश्रित पॅड लावू नका, डिस्क झिजून जाते. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल जातं, दुसऱ्या काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मोटारीसारखं डॉट ब्रेक ऑइल. एकात दुसरं घातलं की आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो.

तिसरं अंग टेकतं ते. इथे खर्च कमी आणि सुख जास्त. स्वस्त सायकलींची प्लास्टिकची पेडल पावसात साबणासारखी निसरडी होतात. रुंद, छोट्या पिना असलेली पेडल घ्या आणि सपाट रबरी तळाचे बूट घाला. बदलताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते विसरून जोर लावला की क्रँकचे आटे जातात आणि शंभर रुपयांचं काम हजारात पडतं. ग्रिप हातात फिरत असतील तर स्क्रूने आवळल्या जाणाऱ्या घ्या. जुन्या धाटणीच्या सायकलींवर हँडल अरुंद आणि त्याला धरणारा स्टेम लांब असतो, त्यामुळे उतारावर माणूस पुढच्या चाकावर ओणवा होतो. स्टेम ६० मिलिमीटरच्या आसपास आणि हँडल ७२० ते ७४० केलं तर सायकल हातात येते. त्याहून रुंद हँडल सह्याद्रीच्या वाटांवर मला नकोसं वाटतं, कारण दोन्ही बाजूंच्या कारवीत ते अडकतं. स्टेम घेताना हँडलच्या मधल्या भागाची जाडी मोजा: २५.४ की ३१.८ मिलिमीटर.

उतारावर सीट खाली घेता आली की धीर वाढतो, हे अगदी खरं. बटणावर खाली-वर होणारी ड्रॉपर सीट त्यासाठीच आहे. पण ती महाग असते, तिला नळीचं नेमकं माप लागतं आणि देखभालही लागते. सीटच्या नळीला खटका असलेला क्लॅम्प लावा आणि मोठ्या उताराआधी उतरून सीट चार बोटं खाली घ्या. बहुतेकांचं काम एवढ्यावर भागतं. आणि फ्रेमच मुळात मोठी किंवा लहान असेल, तर कोणताही सुटा भाग ते दुरुस्त करू शकत नाही. ती सायकल द्या आणि मापाची घ्या.

गिअरबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सर्वाधिक पैसा इथे वाया जातो. आधी चेन मोजा. शाळेची फुटपट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि पंचविसाव्या पिनेचा मध्य बघा. नव्या चेनमध्ये तो नेमका १२ इंचांवर येतो, कारण दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. तो एक सोळांश इंचाने पुढे गेला असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेला असेल तर मागचे दातेही बहुधा झिजलेत. नवी चेन त्यांवर उड्या मारेल. पावसाळ्यातला चिखल आणि नंतरची धूळ चेनला फार लवकर खाते. वेळेवर चेन बदलणाऱ्याचं कॅसेट कितीतरी जास्त टिकतं.

गिअर नीट पडत नसतील तर दुसरा संशय हँगरवर घ्या. मागचा डिरेलर ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो. फ्रेम वाचावी म्हणून तो मऊ बनवलेला असतो. वाकलेल्या हँगरवर सर्वांत महागडा डिरेलर लावला तरी गिअर चुकतच राहणार. मेकॅनिककडे तो सरळ करायचं खास अवजार असतं. आणि तुमच्या मॉडेलचा एक जादा हँगर आजच घेऊन पिशवीत टाका. तो प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो, आणि राजमाचीच्या वाटेवर मोडला तर तिथे कुठून मिळणार?

आता पुढे एकच चेनरिंग ठेवण्याच्या हौसेबद्दल. हिशेब करून बघा. साध्या सायकलीत पुढची सर्वांत लहान चेनरिंग बहुधा २४ दात्यांची असते. मागे ३४ दाते असतील तर २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१. सगळं काढून पुढे ३२ दात्यांची एकच चेनरिंग आणि मागे ४२ चं कॅसेट घातलं, तर ३२ भागिले ४२, म्हणजे ०.७६. हा आकडा जितका लहान तितका चढ हलका. एवढा खर्च करून चढ जड झाला! एका चेनरिंगचे फायदे आहेत: चेन कमी वेळा निसटते, एक शिफ्टर आणि एक केबल कमी होते, लक्ष वाटेवर राहतं. पण चढ सोपा व्हावा म्हणून ते करणार असाल तर करू नका. मागे २८ दात्यांचं फ्रीव्हील असेल, तर ते काढून ३४ चं घाला, डिरेलरला तेवढे दाते झेपतात का ते आधी विचारून. त्या थोड्या पैशांत चढ खरोखर हलका होतो.

फ्रीव्हील आणि कॅसेट यांतला फरक मात्र समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. सात गिअरच्या स्वस्त सायकलींत बहुधा फ्रीव्हील असतं. गिअरचा सगळा गठ्ठा आट्यांवर हबला आवळलेला असतो. नऊ-दहा गिअरचं कॅसेट मात्र वेगळ्या, खाचा असलेल्या हबवर सरकवून बसतं. म्हणजे कॅसेट हवं असेल तर मागचं पूर्ण चाकच बदलायचं, मग शिफ्टर, डिरेलर आणि चेनही. यात आणखी एक मेख आहे: शिमानोच्या नऊ गिअरच्या शिफ्टरवर त्याच कंपनीचा दहा गिअरचा माउंटन डिरेलर जुळत नाही, कारण एका खटक्याला केबल किती ओढली जाते हे दोन्हींत वेगळं आहे. ‘सगळं शिमानो आहे, चालून जाईल’ असं कुणी म्हणालं तर आधी जोडून दाखवायला सांगा. वजनदार माणसाला चाक बदलण्याचं एक चांगलं कारण आहे हे खरं: फ्रीव्हीलच्या हबचा अॅक्सल उड्यांनी वाकतो, कॅसेटच्या हबला कडेपर्यंत आधार असतो. अॅक्सल दोनदा वाकला असेल तर नवं चाक घ्या, तो खर्च योग्य आहे.

शॉकअप. सर्वांत दिसणारा भाग, म्हणून सर्वांत मोहाचा. स्वस्त सायकलीवरचा स्प्रिंगचा चिमटा जड असतो आणि लहान खड्ड्यांवर अडतो, हे मान्य. हवेचा चिमटा हलका असतो, आणि वजनाप्रमाणे त्यातली हवा कमी-जास्त करता येते. पण तो बसण्यासाठी फ्रेमच्या पुढच्या नळीचं माप जुळायला हवं. जुन्या आणि स्वस्त फ्रेममध्ये ती वर-खाली सारखी असते. आजचे बरेच चांगले चिमटे खाली रुंद होणाऱ्या नळीसाठी असतात. मग अॅक्सलचा प्रश्न: तुमचं चाक खटक्याच्या बारीक अॅक्सलचं असेल आणि नवा चिमटा १५ मिलिमीटर आरपार अॅक्सलचा, तर पुढचं चाकही गेलं. आणि ८० किंवा १०० मिलिमीटर दबणाऱ्या चिमट्यासाठी बनवलेल्या फ्रेमला १४० चा लावू नका. पुढचा भाग उंच होतो, चढावर चाक भरकटतं, आणि हँडलजवळच्या जोडावर फ्रेमच्या हिशेबात नसलेला ताण येतो. तिथे फ्रेम तडकली तर उतारावरच तडकते. शिवाय चांगल्या चिमट्याला साधारण दर ५० तास चालवल्यावर उघडून तेल बदलावं लागतं. तुमच्या शहरात ते करणारा कोणी नसेल तर दोन पावसाळ्यांत तो जुन्यासारखाच अडू लागेल.

म्हणून दुकानात जाण्याआधी एका कागदावर हे लिहून न्या: टायरवरचा मिलिमीटरचा आकडा, मागे किती गिअर आहेत आणि फ्रीव्हील की कॅसेट, मागच्या हबची रुंदी, डिस्कचा व्यास, हँडलची आणि सीटच्या नळीची जाडी. सोबत मोबाइलवर फोटो. चांगला मेकॅनिक असा कागद पाहून खूश होतो. ज्याला तो नको असतो त्याच्याकडून काही घेऊ नका.

आणि खर्चाला मर्यादा घाला. सायकलीच्या किमतीच्या निम्म्यावर बिल जाऊ लागलं की थांबा. सुटे भाग किरकोळीत घेताना तुम्ही जी किंमत मोजता त्यापेक्षा कितीतरी स्वस्तात ते कंपनीला मिळतात, त्यामुळे वीस हजारांची सायकल सुधारून पन्नास हजारांची होत नाही, वीस हजारांच्या फ्रेमवर तीस हजारांचे भाग होतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार. टायर, पॅड, पेडल, चेन इतकं करून दोन हंगाम भरपूर चालवा, उरलेला पैसा साठवा, आणि आपल्याला कसल्या वाटा आवडतात हे कळल्यावर पुढची सायकल घ्या. नवी पेडल आणि ग्रिप काढून तिच्यावर लावता येतील. जुन्या सायकलीचे मूळ भाग फेकू नका. ते पुन्हा लावून ती एखाद्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला रास्त भावात द्या.

आणि हेल्मेट अजून घेतलं नसेल, किंवा एकदा जोरात पडल्यावरही तेच वापरत असाल, तर वर लिहिलेलं बाकी काहीही घेण्याआधी ते घ्या.